चूक त्याची, खर्च माझा: दुचाकी अपघातानंतर विम्याने कापलेले पैसे आणि बाकीचं नुकसान

सिग्नलला उभ्या असलेल्या स्कूटरला मागून कार ठोकते. कारवाला खाली उतरतो, "सॉरी हां, इन्शुरन्स आहे ना?" म्हणतो आणि निघून जातो. महिनाभराने गॅरेजचं बिल, कापलेले पैसे आणि बुडालेले कामाचे दिवस असा हिशेब समोर येतो, तेव्हा माणूस फोन करून विचारतो, "आता काय करायचं?" मी वकील नाही. दुचाकीच्या विमा दाव्यांचे कागद जमवण्याचं काम बरीच वर्षं करतो आणि हे प्रश्न मला जवळपास रोज ऐकायला मिळतात. उत्तरं महाराष्ट्रातल्या वाहनधारकांना धरून दिली आहेत. कायदा मात्र देशभर एकच आहे, 1988 चा मोटार वाहन कायदा आणि त्यात 2019 साली झालेल्या दुरुस्त्या.

माझी काडीचीही चूक नाही. मग माझ्याच कंपनीने पैसे का कापले?

कारण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, म्हणजे ज्याला आपण 'फर्स्ट पार्टी' म्हणतो तो भाग, हा तुमच्यात आणि तुमच्या कंपनीत झालेला करार आहे. चूक कोणाची, हे त्या करारात विचारलंच जात नाही. तुम्ही झाडाला धडकलात काय किंवा डंपरने तुम्हाला उडवलं काय, वजावटीचं कोष्टक तेच. कंपनी ठरल्याप्रमाणे पैसे देते आणि फाईल बंद करते. उरलेलं नुकसान चूक करणाऱ्याकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण तो बजावायचा तुम्हीच. कंपनी तुमच्या वतीने भांडायला जाईल या आशेवर लोक महिनेच्या महिने घालवतात.

वजावट तर 100 रुपयेच असते ना?

दुचाकीवरची सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यात तुम्ही स्वतः सोसायची रक्कम, साधारण 100 रुपयेच असते, बरोबर. हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून कोणी 500 ते 3,000 रुपयांची ऐच्छिक वजावट घेतली असेल, तर ती वेगळी कापली जाते. ऑनलाइन पॉलिसी काढताना ही खूण नकळत केलेले बरेच जण भेटतात. पण खरा घास घेतो तो घसारा, म्हणजे भाग जुने झाले म्हणून त्यांच्या किमतीतून कापलेला हिस्सा.

एक हिशेब मांडतो. स्कूटर दोन वर्षं चार महिन्यांची. पॅनल, मडगार्ड, व्हायझर असे प्लॅस्टिकचे भाग 7,000 रुपयांचे. प्लॅस्टिक, रबर, टायर-ट्यूब आणि बॅटरी यांवर गाडीचं वय न बघता निम्मे कापतात, म्हणजे 3,500 गेले. फोर्क, हँडल असे धातूचे भाग 6,000 रुपयांचे. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला त्यावर 15 टक्के, म्हणजे 900. रंगकाम 2,000 रुपयांचं. त्यातला चौथा हिस्सा रंगाच्या सामानाचा धरतात आणि त्याचे निम्मे कापतात, 250. मजुरी 3,000, ती पूर्ण मिळते. ऑइल, ग्रीस, नट-बोल्ट यांचे 350 मिळत नाहीत. वर सक्तीचे 100. बिल 18,350, कापले 5,100, हातात 13,250. जीएसटी मी सोपेपणासाठी सोडून दिला आहे.

गाडी जितकी जुनी तितका धातूवरचा घसारा वाढत जातो. पहिले सहा महिने शून्य, पाच वर्षं ओलांडली की 40 टक्के, दहानंतर 50. 'झिरो डेप' हे घसारा न कापण्याचं जादा संरक्षण घेतलेलं असेल तर घसाऱ्याची ही कटकट बहुतांशी टळते, पण ते साधारण पाच वर्षांपर्यंतच्या गाड्यांना आणि वर्षातून ठरावीक वेळाच मिळतं. टो करून नेण्याचे पैसे प्रमाणित पॉलिसीत दुचाकीला 300 रुपये. पुणे-सातारा रस्त्यावर गाडी बंद पडलेल्या माणसाला हा आकडा सांगितला की तो हसतो तरी किंवा शिव्या तरी देतो.

गाडी दुरुस्त करण्याचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीवर लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला तर गाडी 'टोटल लॉस' धरतात. अशा वेळी घसाऱ्याचं कोष्टक लागू होत नाही, आयडीव्हीवर हिशेब होतो.

एनसीबी पण जाणार? चूक माझी नसताना?

जाणार. आपल्याकडे नो क्लेम बोनस म्हणजे 'दावा केला नाही' याचं बक्षीस. 'चूक केली नाही' याच्याशी त्याचा संबंध नाही. एक दावा केलात की पुढच्या नूतनीकरणाला 20, 25, 35, 45 किंवा 50 टक्के जे काही साठलं असेल ते शून्यावर. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण आहे तो असा आहे. म्हणून लहान नुकसानीत आधी हिशेब करा. दुचाकीचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता मुळात थोडा असल्याने बोनसचा रुपयांतला तोटा पुष्कळदा काही शेकड्यांतच असतो. 1,500 रुपयांचं बिल असेल तर दावा करू नका. 15,000 चं असेल तर बोनससाठी अडून बसू नका.

माझ्याकडे फक्त थर्ड पार्टी आहे. मग सगळंच बुडालं का?

तुमच्या कंपनीकडून गाडीच्या नुकसानीचा एक पैसाही मिळणार नाही. सप्टेंबर 2018 पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र अनेकांचा एकच वर्षाचा असतो. पॉलिसीवर पाच वर्षांपुढची तारीख दिसते आणि माणूस 'फुल इन्शुरन्स आहे' असं समजून निर्धास्त राहतो. कागद काढून दोन्ही तारखा आजच बघा.

तरीही समोरच्याच्या पॉलिसीच्या दृष्टीने 'थर्ड पार्टी' तुम्हीच आहात. त्यामुळे पूर्ण बिल त्याच्याकडून मागता येतं, अगदी 100 रुपयेही न सोडता.

वकील म्हणाले 'नो फॉल्ट'मध्ये टाकू. चूक माझी नव्हतीच, म्हणजे हेच ना?

नाही, आणि हा घोटाळा महागात पडतो. कायद्यातला 'नो फॉल्ट' म्हणजे चूक कोणाची हे सिद्ध न करता मिळणारी ठरावीक भरपाई. कलम 164 नुसार मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये. हाड मोडलं तर ती गंभीर दुखापत. समोरच्याची चूक दाखवून प्रत्यक्ष नुकसान मागायचं असेल तर कलम 166, आणि तिथे वरची मर्यादा नाही. कलम 164 ची रक्कम स्वीकारलीत की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातला, म्हणजे अपघाताचे दावे ऐकणाऱ्या कोर्टातला, तुमचा दावा संपतो. घोट्याला साधं फ्रॅक्चर होऊन दोन महिन्यांत माणूस कामाला लागला असेल तर अडीच लाख वाईट नाहीत. पाय कायमचा आखडला असेल तर सही करण्याआधी चार वेळा विचार करा.

रस्त्यावरच मिटवलं तर?

ओरखडा असेल तर मिटवा, मीही मिटवतो. पण जरा जोरात पडला असाल तर त्या क्षणी अंगात दुखत नसतं. दुखणं रात्री सुरू होतं. गुडघ्याचा लिगामेंट तुटलेला माणूस घरी चालत गेल्याचं मी पाहिलं आहे.

मिटवायचंच असेल तर कागदावर मिटवा. तारीख, ठिकाण, दोन्ही गाड्यांचे नंबर, किती रक्कम आणि कशाची, हे लिहा. पैसे शक्यतो यूपीआयने घ्या, म्हणजे नोंद राहते. 'माझी काही तक्रार नाही' एवढंच लिहिलेल्या कागदावर सही करू नका. त्या एका ओळीने तुमचा समोरच्यावरचा हक्क जाऊ शकतो आणि तुमची स्वतःची कंपनीही उद्या 'आमचा वसुलीचा हक्क तुम्ही घालवलात' म्हणू शकते. फक्त गाडीच्या नुकसानीपुरतं मिटवत असाल तर तसं स्पष्ट लिहा, दुखापतीचा विषय मोकळा ठेवा.

आणि फोटो काढा. गाड्या हलवण्याआधी, दोन्ही नंबरप्लेटसकट, रस्ता दिसेल असे. समोरच्या दुकानात कॅमेरा असेल तर त्याच दिवशी जाऊन फुटेज मागा. बऱ्याच दुकानांत जुनं फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. पोलीस पत्र देतील तेव्हा देतील, दुकानदाराला तोवर निदान विनंती करून ठेवा.

पोलीस म्हणाले एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून देतो, एफआयआर कशाला?

बेदरकार गाडी चालवून जीव धोक्यात घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 खाली दखलपात्र गुन्हा आहे, दुखापत झाली तर 125 जोडलं जातं. जखमी असाल तर गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरा. एनसीवर किंवा स्टेशन डायरीच्या नोंदीवर दावा टाकताच येत नाही असं नाही, पण समोरची कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते: गुन्हा का नोंदवला नाही?

गुन्हा नोंदला की पुढचं एक मोठं काम पोलिसांच्या गळ्यात पडतं, हे फार लोकांना माहीत नसतं. एप्रिल 2022 पासूनच्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने 48 तासांत पहिला अपघात अहवाल, 50 दिवसांत अंतरिम आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो. जखमीला त्याचे हक्क सांगणारा छापील फॉर्मही द्यायचा असतो. सविस्तर अहवाल आल्यावर कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याने 30 दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव ठेवायचा असतो. प्रत्यक्षात या तारखा पाळल्या जातातच असं नाही. पण पोलीस ठाण्यात जाऊन "साहेब, सविस्तर अहवाल कधी जातोय?" असं विचारणाऱ्याची फाईल हलते. गप्प बसणाऱ्याची पडून राहते.

गाडी पोलिसांनी ठेवून घेतली असेल तर सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागतील तेव्हा हजर करू असं लिहून देऊन, सोडवा. त्याआधी आरटीओ निरीक्षकाची तपासणी आणि तुमच्या कंपनीच्या सर्व्हेअरची, म्हणजे नुकसान मोजणाऱ्या माणसाची, पाहणी होऊ द्या. पाहणीआधी गाडी उघडली की वाद ठरलेला.

दवाखान्यात पैसे भरायला नाहीत. आधी काय?

मे 2025 पासून केंद्राची रोखरहित उपचार योजना लागू आहे. नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीला दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. चूक कोणाची हा प्रश्न तिथे नाही. भरती होतानाच 'रस्ता अपघात' असं सांगा आणि केस पेपरवर तसं लिहून घ्या. काही नातेवाईक पोलिसांचा त्रास नको म्हणून 'जिन्यावरून पडले' असं सांगतात. त्या एका वाक्याने पुढचा दावा मातीत गेलेला मी पाहिला आहे.

समोरच्याची विमा कंपनी कोणती, हे कसं कळणार?

गाडीचा नंबर पुरतो. एमपरिवहन ॲपवर किंवा विमा माहिती ब्युरोच्या व्ही-सेवा या सोयीत बघा. पोलिसांनाही ही माहिती तुम्हाला द्यावी लागते.

माझ्या कंपनीने कापलेले 5,100 समोरच्याकडून मिळतात का?

हक्काने मागता येतात. न्यायाधिकरणाला दुखापतीइतकाच तिऱ्हाइताच्या मालमत्तेच्या नुकसानीचा दावा ऐकण्याचा अधिकार आहे. समोरच्या पॉलिसीत मालमत्तेच्या नुकसानीला वरची मर्यादा असते. कारला साधारण साडेसात लाख, दुचाकीला एक लाख. स्कूटरच्या बिलाला ती पुरून उरते. कोणी हप्ता वाचवण्यासाठी मर्यादा 6,000 रुपयांवर आणून ठेवली असेल तर वरचे पैसे मालकाकडून.

नियम एकच: एकच रुपया दोनदा नाही. तुमच्या कंपनीने दिलेले 13,250 वसूल करायचे की नाही, हे ती कंपनी ठरवेल, कारण पैसे देताच तुमच्या जागी उभं राहण्याचा हक्क तिला मिळतो. तुम्ही मागायचं ते उरलेलं: घसारा, वजावट, न मिळालेलं किरकोळ सामान, गाडी टो करण्याचे जादा पैसे, फुटलेलं हेल्मेट, मोबाइल, चष्मा.

इथे दोन कागद सोन्याचे आहेत. एक गॅरेजचं पूर्ण बिल, सुट्या भागांच्या मूळ किमतींसह. दुसरा सर्व्हेअरचा निर्धारण तक्ता, ज्यात कोणत्या भागावर किती घसारा कापला ते ओळीने लिहिलेलं असतं. तो आपणहून कोणी देत नाही, लेखी मागा. या दोन कागदांतला फरक म्हणजेच तुमचं न भरून निघालेलं नुकसान, त्यासाठी वेगळा युक्तिवाद लागत नाही. पैसे घेताना 'पूर्ण व अंतिम' असं लिहिलेल्या पावतीवर सही करायला सांगतील. ती तुमच्या स्वतःच्या पॉलिसीखालच्या दाव्यापुरतीच आहे आणि समोरच्याकडून उरलेलं मागण्याचा हक्क राखून ठेवला आहे, अशी ओळ हाताने लिहा आणि फोटो काढून ठेवा.

गाडी नव्हती त्या काळातला रिक्षाचा खर्चही मागून बघा. पावत्या किंवा ॲपवरच्या नोंदी असतील आणि दुरुस्तीला लागलेले दिवस वाजवी असतील तरच तो टिकतो. गॅरेजवाल्याने पार्टची वाट बघत दोन महिने लावले, तर ते दोन महिने समोरच्याच्या माथी मारता येतील असं समजू नका.

पाच हजारांसाठी कोर्टात जायचं?

माझं मत विचाराल तर नुसत्या पाच हजारांसाठी नाही. मालमत्तेपुरत्या दाव्यात न्यायाधिकरणाच्या आदेशाशिवाय समोरची कंपनी सहसा पैसे सोडत नाही आणि तो आदेश यायला वेळ जातो. वकिलाची फी आणि तुमच्या बुडलेल्या रजा धरल्या तर हिशेब उलटा होतो.

त्याऐवजी गाडीमालकाला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवा. सोबत बिल, निर्धारण तक्ता, फोटो आणि पोलीस नोंद यांच्या प्रती, फरकाची रक्कम आणि पंधरा दिवसांची मुदत. एक प्रत त्याच्या विमा कंपनीला. भाषा साधी ठेवा, धमक्या नकोत. ज्याच्यावर गुन्हा नोंदलेला आहे आणि ज्याला प्रकरण वाढवायचं नाही, तो चार-पाच हजार देऊन टाकतो, असा माझा अनुभव आहे. सगळेच देतात असं मात्र नाही.

दुखापत असेल तर गोष्ट वेगळी. मग दावा टाकायचाच, आणि गाडीचे पाच हजार त्यातच एक मुद्दा म्हणून जोडायचे.

दुखापतीत काय काय मागता येतं?

लोक दवाखान्याची बिलं घेऊन येतात आणि तिथेच थांबतात. उपचारांचा झालेला आणि पुढे होणारा खर्च, जाण्यायेण्याचा खर्च, विशेष आहार, सोबत राहिलेल्या माणसाची मजुरी, कामाचे बुडालेले दिवस, वेदना, आयुष्यातल्या साध्या सुखांना मुकणं आणि कायमचं अपंगत्व आलं असेल तर पुढच्या कमाईतली घट, हे सगळं मागता येतं. आई किंवा बायको सेवा करत असेल आणि पैसे दिले नसतील, तरी त्या सेवेची किंमत धरायची विनंती करता येते. भरपगारी रजा वापरली असेल तर 'पगार बुडाला नाही' असं कंपनी म्हणेल. रजा हीही तुमची मिळकतच होती, असं उत्तर द्यायचं आणि कार्यालयाकडून रजेचा दाखला आणायचा.

कायमच्या अपंगत्वात डॉक्टरांनी लिहिलेली टक्केवारी आणि कमाईवर झालेला परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये हे सविस्तर सांगितलं आहे. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नसतील तर कारकुनाचं काम कसंबसं चालतं, सुताराचं थांबतं. म्हणून तुम्ही हाताने नेमकं काय काम करता, हे दाव्यात तपशीलवार यायला हवं.

हिशेब असा चालतो. वय 34, स्वतःचा धंदा, महिना 20,000 रुपये. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारवाल्याला पुढच्या वाढीसाठी 40 टक्के मिळवतात, म्हणजे 28,000. वर्षाचे 3,36,000. या वयाला 16 चा गुणक, म्हणजे वर्षाची रक्कम सोळाने गुणायची. कमाईवरचा परिणाम 15 टक्के धरला तर या एका मुद्द्यावर 8,06,400 रुपये होतात. अडीच लाखांवर घाईने सही करू नका म्हणालो, ते यासाठी.

रोखीत कमावणाऱ्यांची अडचण मोठी असते. भाजी, वडापाव, रिक्षा, कसलाच पगारपत्रक नाही. बँकेचं पासबुक, यूपीआयच्या नोंदी, परवाना, घाऊक खरेदीच्या पावत्या, जे असेल ते द्या. काहीच नसेल तर न्यायाधिकरण साधारणपणे किमान वेतनाच्या आसपास उत्पन्न धरतं.

मेडिक्लेमने दवाखान्याचं बिल भरलं. आता ते मागता येणार नाही ना?

महाराष्ट्रात मागता येतं. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने निकाल दिला की मेडिक्लेमचे पैसे तुम्ही भरलेल्या हप्त्यांचं फळ आहे, अपघात करणाऱ्याच्या देण्यातून ते वजा करता येणार नाही. मग 'एकच रुपया दोनदा नाही' या वरच्या नियमाचं काय? तो गाडीच्या नुकसानीच्या विम्याला लागू आहे. शरीराच्या बाबतीत न्यायालयाने वेगळा विचार केला आहे. बिलांच्या प्रमाणित प्रती मेडिक्लेम कंपनीकडून आधीच घेऊन ठेवा, मूळ कागद तिथे जमा झाले की नंतर शोधाशोध होते.

मुदत किती?

कायद्यातल्या दुरुस्तीनुसार अपघातापासून सहा महिने. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं असून नोव्हेंबर 2025 मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की निकाल लागेपर्यंत केवळ मुदत संपली म्हणून दावे फेटाळू नयेत. या आदेशावर विसंबून बसू नका. सहा महिने हीच शेवटची तारीख धरून चला.

दावा अपघात झाला तिथेच टाकायला हवा असं नाही. तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो. कोल्हापूरच्या माणसाचा अपघात पणजीजवळ झाला तरी तो कोल्हापुरात दावा टाकू शकतो.

हेल्मेट नव्हतं. ट्रिपल सीट होतो. दावा गेला?

दंड वेगळा आणि दावा वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं की तिघं बसले होते एवढ्याने चालकाची चूक ठरत नाही, त्या नियमभंगाचा अपघाताशी किंवा इजेशी संबंध दाखवावा लागतो. पाय मोडला असेल तर हेल्मेटचा मुद्दा कसा लागू होणार? डोक्याला मार असेल तर मात्र कंपनी तो काढणारच, आणि काही टक्के कापले जाण्याची तयारी ठेवा.

परवाना नसेल तर स्वतःच्या पॉलिसीतला दावा बहुधा नाकारला जातो. समोरच्यावरचा दावा आपोआप संपत नाही.

मागे बायको बसली होती. तिचं काय?

तिचा दावा स्वतंत्र टाका, तुमच्या दाव्यात एक ओळ म्हणून नको. ती गाडी चालवत नव्हती, त्यामुळे चुकीच्या वाटणीचा वाद तिच्या अंगाला येत नाही. दोन्ही वाहनांची चूक निघाली तरी ती पूर्ण भरपाई कोणाही एकाकडून मागू शकते. तुमच्या स्वतःच्या पॉलिसीत मात्र नुसत्या थर्ड पार्टीखाली मागे बसणाऱ्याचं संरक्षण धरलं जात नाही.

डिलिव्हरीचं काम करताना अपघात झाला.

खाजगी वापराच्या पॉलिसीवर भाड्याचं किंवा मोबदल्याचं काम केलं, असं म्हणून तुमची कंपनी गाडीचा दावा अडवू शकते. खोटं सांगू नका, ॲपच्या नोंदीत वेळ आणि रस्ता दोन्ही दिसतं. समोरच्यावरचा दावा मात्र शाबूत आहे, आणि ज्या नोंदी इथे आड येतात त्याच तिथे तुमच्या कमाईचा उत्तम पुरावा ठरतात.

ठोकणारा पळून गेला, किंवा त्याचा विमाच नव्हता.

वाहन सापडलंच नाही तर सरकारी योजनेतून मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50,000 रुपये मिळतात. गाडीच्या नुकसानीचं तिथे काही नाही. वाहन सापडलं पण विमा नसेल तर आदेश मालकावर होतो आणि तो पैसे देत नसेल तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुली होते. कागदावर हे जोरदार दिसतं. मालकाच्या नावावर काही नसेल तर वसूल काय करणार, हा प्रश्न उरतोच.

दुसरी गाडी नव्हतीच, खड्डा होता.

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूला 6 लाख आणि दुखापतीला 50,000 ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली, ती रस्त्याची जबाबदारी असलेल्या यंत्रणेने द्यायची. त्यासाठी समित्या नेमायला सांगितलं आहे. अर्ज त्या समितीकडे करायचा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढा. तक्रार झाली की तो बुजवला जातो, एरवी बुजवला जात नसला तरी.

माझ्याच कंपनीशी भांडण आहे. कुठे जाऊ?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी, मग विमा भरोसा हे तक्रारींचं सरकारी पोर्टल, मग विमा लोकपाल, म्हणजे कंपनीविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी. मुंबई आणि पुण्यात लोकपालांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने नाकारल्यापासून वर्षाच्या आत जा. जिल्हा ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत असते. दुचाकीच्या रकमांसाठी मी लोकपाल सुचवेन.

मुलगा इंग्लंडमध्ये बाइक चालवतो. तिथे हाच नियम?

तिथे वजावटीला 'एक्सेस' म्हणतात आणि ती शेकडो पौंडांत असू शकते, त्यामुळे ती परत मिळवणं हा तिथला नेहमीचा व्यवहार आहे. चूक करणाऱ्याच्या विमा कंपनीकडे विम्याने न भरलेलं नुकसान म्हणून ती मागायची. इंग्लंड आणि वेल्समध्ये दुखापतीला तीन वर्षं आणि मालमत्तेच्या नुकसानीला सहा वर्षं मुदत आहे. पॉलिसीसोबत कायदेशीर खर्चाचं संरक्षण घेतलं असेल तर वकील त्यातूनच मिळतो, म्हणून त्याला आधी पॉलिसीचा तो भाग वाचायला सांगा.

वकील म्हणतात, मिळेल त्यातले पंचवीस टक्के द्या.

निकालाच्या रकमेत वाटा घेण्याची मुभा बार कौन्सिलच्या नियमांत नाही. फी आधी ठरवा, लेखी घ्या, आणि कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या कागदावर सही करू नका. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले लोक यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. लोकअदालतीत तडजोड करायची असेल तर आकडा घरून ठरवून जा, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. दाव्यासोबत दिलेलं बँक खातं तुमच्या एकट्याच्या नावाचं असू द्या. रक्कम त्याच खात्यात येते.